घरातील इंजिनिअरचा स्मरणलेख लिहिताना

वर्षश्राद्धाच्या निमित्ताने लेख लिहायचा असेल, तर आधी सेवापुस्तिका, पदवी प्रमाणपत्र आणि जुन्या डायऱ्या समोर घेऊन तारखा पडताळाव्यात.

‘हुशार’, ‘जिज्ञासू’ ही विशेषणे कोणालाही लावता येतात, म्हणून त्यांच्या जागी प्रत्यक्ष काम सांगावे. सर विश्वेश्वरय्यांच्या बुद्धीची पानभर स्तुती करण्यापेक्षा, १९०३ मध्ये खडकवासला येथे त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे बसवले गेले आणि पाणी ठरावीक पातळीपलीकडे चढताच ते आपोआप उघडत, एवढे एक वाक्य अधिक सांगून जाते. आपल्या माणसाच्या सहकाऱ्यांनाही तेच विचारावे: कोणते यंत्र बंद पडले होते, इतरांचा संशय कशावर होता आणि यांनी खरे कारण कसे शोधले? घरातली हत्यारांची पेटीही उघडून पाहावी. मापानुसार लावलेले पाने, मिक्सरचे जपून ठेवलेले कार्बन ब्रश, स्क्रूच्या डब्यांवरील त्यांच्या अक्षरातील चिठ्ठ्या यांतून स्वभाव दिसतो.

पती म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना मात्र ‘संसारात मोलाची साथ दिली’ हे छापील वाक्य टाळावे. पत्नीसमोर प्रश्नांची यादी न ठेवता फोटोंचा अल्बम ठेवावा, आणि ते दर रविवारी तिच्या आठवड्याभराच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरून ठेवत, यासारखी आठवण तिच्याच शब्दांत घ्यावी. पदांची आणि पुरस्कारांची जंत्री दोन ओळींत आटोपावी. ती कोणी वाचत नाही. मसुदा सर्वांत आधी तिलाच वाचून दाखवावा आणि तिला नको असलेला मजकूर विनातक्रार काढून टाकावा.