संशोधन निधीचा प्रस्ताव लिहायचाय? आधी हंगाम मांडा

प्रस्ताव कसा लिहावा यावरच्या कार्यशाळांना मी आता जात नाही. ‘भाषा प्रभावी ठेवा’, ‘नावीन्य ठळकपणे मांडा’ हे ऐकून ऐकून कान किटले. नावीन्य सगळ्यांच्याच प्रस्तावात असतं हो. कोकणातल्या विद्यापीठांचे आणि कॉलेजांचे प्रस्ताव मार खातात ते वेळापत्रकात आणि खर्चाच्या तक्त्यात. मंजूर झालेले रखडतात तेही तिथंच.

निधी देणाऱ्या संस्थेची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पात्रता, कमाल रक्कम, कालावधी, पानांची मर्यादा. यूजीसीची २(एफ) म्हणजे मान्यतेची आणि १२(बी) म्हणजे निधीच्या पात्रतेची पत्रं मागितली असतील तर ती कार्यालयात खरोखर सापडतात का ते त्याच दिवशी बघा. खासगी संस्थेला काही योजनांत डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) सायरो, म्हणजे संशोधन संस्था म्हणून मान्यता लागते. ती नसेल तर तिथंच थांबा. ‘पाठवून तर बघू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पहिल्या छाननीतच असा प्रस्ताव बाद होतो.

उद्दिष्टं तीन. चौथं सुचलं तर पुढच्या प्रस्तावाला ठेवा.

परवानग्यांचं आत्ताच बघा. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांजवळ काम असेल किंवा खाडीतल्या कांदळवनात शिरायचं असेल, तर वनखात्याकडे अर्ज करून त्याची पोच प्रस्तावाला जोडा. परदेशी भागीदार असेल आणि इथले जैविक नमुने त्याच्याकडे जाणार असतील, तर २००२ चा जैवविविधता कायदा आडवा येतो.

आता वेळापत्रक. इथं सुरुवातीच्या काळात मला खरोखर घाम फुटायचा, आणि आजही सगळ्यात जास्त वेळ माझा यातच जातो.

प्रस्तावाच्या छापील नमुन्यात तिमाहीचे रकाने असतात. लोक डोळे झाकून भरतात: पहिल्या तिमाहीत भरती आणि खरेदी, दुसऱ्या तिमाहीत नमुने गोळा करणं. पण पहिली तिमाही सुरू होते मंजुरी मिळून पैसे आल्यावर, आणि पैसे कधी येतील ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. हापूसचा मोहोर काही कुणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

समजा, मोहोरावरच्या फुलकिडीचा तीन वर्षांचा प्रकल्प आहे आणि पैसे फेब्रुवारीत आले. त्या वर्षीचा मोहोर हातचा गेला. पुढचे दोन हंगाम पूर्ण मिळतील. तिसऱ्यात मोहोर दिसेल, पण मुदत जानेवारीअखेर संपणार आणि फळ उतरणार एप्रिल-मेमध्ये. म्हणजे कागदावर तीन वर्षं आणि हातात अडीच हंगाम. ऑक्टोबरात पैसे आले तर वेळेत आले असं वाटतं. पण भरतीची जाहिरात, मुलाखती आणि नेट झालेला उमेदवार वेंगुर्ल्याला येऊन राहायला तयार होईपर्यंत जानेवारी उजाडतो. मासळीवर काम करणाऱ्यांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत ‘मिरकरवाडा बंदरावर दर आठवड्याला नमुने घेऊ’ असं लिहिलंत, की हा तक्ता टेबलावर बसून भरलाय हे परीक्षकाला लगेच कळतं.

म्हणून अर्ज भरायचं पोर्टल उघडण्याआधी कोरा कागद घ्या. जूनपासून बारा महिने लिहा आणि प्रत्येकासमोर बागेत, खाडीत किंवा बंदरावर तेव्हा काय चाललेलं असतं ते लिहा. मग एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर अशा तीन महिन्यांत पैसे आले असं धरून पूर्ण हंगाम मोजा. भरती आणि खरेदीचे चार महिने आधीच वजा करा. तिन्हींत जो आकडा सगळ्यात लहान येईल, त्यावरच उद्दिष्टं बेता. बहुधा तो दोन असतो. प्रस्तावातही तसंच लिहा: ‘निष्कर्ष दोन हंगामांवर; तिसरा मिळाल्यास पडताळणी.’ असं लिहिणं म्हणजे कमजोरी दाखवणं, असा सल्ला मला अनेकांनी दिला. साफ चूक. समितीवरची माणसं स्वतः बागांतून आणि बोटींवरून फिरलेली असतात. तीन वर्षांत तीन पूर्ण हंगाम लिहिणाऱ्याकडेच ती संशयाने बघतात.

याच कागदावर लाल पेनने ३१ मार्चची रेघ मारा. अनेक योजनांत न खर्चलेली रक्कम त्या दिवशी हातातून जाते. पुढचा हप्ता मिळतो तो मागच्याचं यूसी, म्हणजे जीएफआरच्या (केंद्राच्या वित्तीय नियमांच्या) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, आणि खर्चाचं विवरण गेल्यावर. लेखापरीक्षकाची सही होऊन ते जाईपर्यंत जून लागतो. आंब्याची काढणी असते एप्रिल-मेमध्ये. सगळ्यात जास्त फिरती असते तेव्हा खात्यात खडखडाट!

त्यामुळे रसायनं, काचसामान, नमुन्यांच्या पिशव्या यांची खरेदी फेब्रुवारीच्या आत होईल अशा बेताने वर्षवार तक्ता मांडा. आणि एप्रिल ते जूनचा प्रवास आणि संशोधन सहायकाचं विद्यावेतन संस्था आगाऊ देईल, असं पत्र प्रस्ताव पाठवण्याआधी घ्या. लेखी. आमच्या ओळखीच्या एका प्रकल्पात संस्थेने तोंडी होकार दिला होता. एप्रिल आला तेव्हा ‘कागद कुठाय?’ असं विचारलं. तिथला संशोधन सहायक दोन महिने बिनपगारी, भर उन्हात सड्यावरच्या बागा पालथ्या घालत होता.

आता दर. जुना प्रस्ताव उघडून त्यातलेच आकडे चिकटवू नका. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलोला) ४२,००० रुपये आहेत. दोन वर्षं जेआरएफ आणि एक वर्ष एसआरएफ धरलं तर १३,९२,००० होतात, घरभाडं वेगळं. उपकरणांवर संशोधन संस्थांना ५ टक्के जीएसटीची सवलत होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली. आता बहुतेक उपकरणांना १८ टक्के धरावे लागतात. दहा लाखांच्या यंत्रावर हा फरक १,३०,००० चा. तो नंतर कोण भरणार?

मुळात मोठं यंत्र मागूच नका, हे माझं ठाम मत आहे. पावसाळ्यातली दमट हवा आणि सतत जाणारी वीज यांत ते दोन वर्षांत आजारी पडतं आणि दुरुस्तीवाला मुंबईहून यावा लागतो. त्यापेक्षा ‘चाचणी शुल्क’ या शीर्षाखाली रक्कम मागा आणि नमुने बाहेर तपासून घ्या. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं दिसतात, आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रातही काम होतं. मागायचंच तर डीप फ्रीझर मागा, आणि त्यासोबत इन्व्हर्टर.

प्रवासखर्चाचं समर्थन नुसत्या किलोमीटरवर करू नका. दिल्लीत बसलेला माणूस नकाशावर दाभोळ आणि धोपावे बघतो, मध्ये फक्त खाडी दिसते. फेरीबोट बंद असली की तेच अंतर खेड-चिपळूणवरून वळसा घालून कापावं लागतं, आणि गाडी पूर्ण दिवसाची ठरवावी लागते. हे दोन ओळींत लिहा. ‘फील्ड व्हिजिट’ एवढ्याच शब्दांवर मागितलेली रक्कम हमखास कापली जाते.

ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा वरकड खर्च, जाहिरातीत सांगितलंय तेवढाच.

प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची सही लवकर घ्या. मुदत गणेशोत्सवाच्या आसपास असेल तर चतुर्थीच्या आठवडाभर आधी, कारण त्यानंतर कार्यालयात शिपाईसुद्धा भेटत नाही. सहीचं पत्र जाहिरातीतल्या नमुन्यातच, शब्दही न बदलता. पोर्टलवर दोन दिवस आधी भरा. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल रांगतं, आणि पावसाळा असेल तर आपल्याकडची रेंजही.

पावतीची पीडीएफ, सगळी कोटेशनं आणि तो बारा महिन्यांचा कागद एकाच फाईलीत लावा. सादरीकरणाला बोलावणं आलं की हीच फाईल घेऊन जा. पहिले प्रश्न दरांवर आणि महिन्यांवरच येतात.