ऑन्टॉलॉजीचं वर्जन बदलताना या चुका टाळा

ऑन्टॉलॉजी, म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांच्यातली नाती संगणकाला वाचता येतील अशी केलेली मांडणी, एकदा वेबवर टाकली की ती कोण कोण वापरतंय ते आपल्याला कळतच नाही, त्यामुळे बदल करताना समोर न दिसणाऱ्या माणसाचाही विचार करावा लागतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे नाव तेच ठेवून अर्थ बदलणं. आमच्याकडे ‘लेखक’ अशी प्रॉपर्टी (दोन गोष्टींना जोडणारं नातं) होती, नवीन वर्जनमध्ये कुणीतरी व्याख्येत संपादकही घातले, यूआरआय (वेबवरची तिची ओळख) मात्र तोच. क्वेरी चालली, एरर नाही, लॉग स्वच्छ, फक्त एका पुस्तकाला अचानक चार लेखक दिसायला लागले आणि हे पकडायला आम्हाला तीन आठवडे लागले. स्कॉस या शब्दसंग्रह मांडायच्या वेब स्टँडर्डमध्येही असं झालंय. ‘ब्रॉडर’ (याहून व्यापक संकल्पना) हे नातं आधी ट्रान्झिटिव्ह, म्हणजे साखळीने पुढे लागू होणारं, होतं, 2009 च्या स्टँडर्डमध्ये ते तसं राहिलं नाही, त्यासाठी ‘ब्रॉडरट्रान्झिटिव्ह’ वेगळं दिलं, पण नेमस्पेस (सगळ्या नावांच्या यूआरआयचा सुरुवातीचा सामायिक भाग) 2004 चाच ठेवला. जुना अर्थ धरून क्वेरी लिहिली असेल तर ‘अ’च्या वर ‘ब’, ‘ब’च्या वर ‘क’ असूनही ‘अ’वरून ‘क’ मिळणार नाही.

याच्या उलट काही जण प्रत्येक रिलीजला नेमस्पेसच बदलतात, मग जगभरातला जुना डेटा तुटतो. माणसं आणि त्यांच्या ओळखी मांडणाऱ्या फोफ या ऑन्टॉलॉजीचं बघा, स्पेसिफिकेशन 0.99 पर्यंत गेलं तरी नेमस्पेसच्या पत्त्यातलं 0.1 हललं नाही, आणि तेच बरोबर आहे. आउल 2 या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेत यासाठी वर्जन आयआरआय (यूआरआयसारखाच, पण त्या वर्जनचा वेगळा पत्ता) आहे, ऑन्टॉलॉजीचा पत्ता कायम ठेवायचा आणि प्रत्येक रिलीजला वेगळा वर्जन आयआरआय द्यायचा. दुसरी ऑन्टॉलॉजी आपल्यात इम्पोर्ट करताना हा वर्जन आयआरआयच दिला की खालचा पाया अचानक सरकत नाही.

टर्म डिलीट करू नका, डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये) मार्क करा आणि त्याऐवजी काय वापरायचं ते लिहा. जनुकांची कामं मांडणाऱ्या जीन ऑन्टॉलॉजीत जुना आयडी बाद होतो पण दुसऱ्या टर्मला कधीच दिला जात नाही.

आउलमध्ये ‘बॅकवर्ड कम्पॅटिबल विथ’ (जुन्या वर्जनशी जुळतं) लिहिलं म्हणून निश्चिंत होऊ नका हं, ती नुसती नोंद आहे, रीझनर (ऑन्टॉलॉजीतून निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर) तिच्यावरून काहीच तपासत नाही.

नवीन वर्जन टाकूनही प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी एडिटरमध्ये जुनंच दिसतंय? आधी फोल्डरमधली कॅटलॉग फाइल (कोणता इम्पोर्ट कुठून घ्यायचा ते सांगणारी) उघडा, बहुतेक इम्पोर्ट अजून लोकल कॉपीकडेच वळवलेलं असतं. आणि फरक बघायला साधा टेक्स्ट डिफ (ओळीला ओळ लावून केलेली तुलना) नको, सेव्ह करताना ओळींचा क्रम बदलला तरी सगळी फाइल लाल दिसते, ऑन्टॉलॉजीसाठीच्या रोबॉट या टूलचा डिफ चालवा, तो अ‍ॅक्सिअम, म्हणजे ऑन्टॉलॉजीतली विधानं, बघतो.