हेल्मेट उन्हाने उतरत नाही, मापाने उतरतं

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात बर्डीच्या (म्हणजे सीताबर्डीच्या) व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहून नुसतं इकडेतिकडे बघा. एकाचं हेल्मेट आरशाला लटकलेलं, एकाचं पेट्रोलच्या टाकीवर, एकाचं मागच्या सीटवर बसलेल्या बायकोच्या मांडीवर. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ऊन किती आहे जी, डोकं शिजते." मीसुद्धा बरीच वर्षं हेच सांगायचो. पण डिसेंबरच्या थंडीतही माझं हेल्मेट टाकीवरच असायचं, तेव्हा दोष उन्हाचा नाही हे मला कळायला हवं होतं.

मी रोज मानेवाड्याहून रिंग रोडने हिंगणा एमआयडीसीत जातो. पहिलं हेल्मेट घेतलं ते लार्ज, कारण दुकानात ते अलगद डोक्यात गेलं. शेजारून ट्रक सुसाट गेला की त्याच्या वाऱ्याने हेल्मेट मागे उचललं जायचं, पट्टा गळ्याला लागायचा आणि मी डाव्या हाताने हेल्मेट धरून एका हाताने गाडी चालवायचो. मग चिडून मीडियम घेतलं. ते हललं नाही, पण छत्रपती चौक येईपर्यंत कपाळात ठणका लागायचा आणि हिंगणा टी पॉइंटला ते टाकीवर जायचं. तिसरं घेताना दुकानात जवळजवळ तास घालवला. तो तास कसा घालवायचा, तेच इथे सांगतो.

घरून निघण्याआधी डोकं मोजा

शिंप्याचा टेप घ्या. भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात जास्त बाहेर येतो तिथून टेप फिरवा. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळा आणि ती पोराच्या पट्टीवर मोजा. केस रोज जसे असतात तसेच ठेवा. जावळ काढल्यासारखे बारीक केस करून आलात आणि मोजलंत, तर दोन महिन्यांनी माप चुकेल.

आपल्याकडच्या हेल्मेटांवर बऱ्याचदा ५८० किंवा ६०० असं छापलेलं असतं. ते मिलिमीटर. म्हणजे ५८ सेंटीमीटर डोक्याला ५८०. साधारण ५७-५८ ला मीडियम आणि ५९-६० ला लार्ज म्हणतात, पण स्टड्सचं मीडियम, स्टीलबर्डचं मीडियम आणि बेळगावच्या ‘वेगा’ कंपनीचं मीडियम एकसारखं बसेलच असं नाही. प्रत्येकाचा तक्ता वेगळा, आतली गादी वेगळी. आकडा फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो. दोन मापांच्या मधोमध अडकलात तर आधी लहान घालून बघा.

आता माझ्या कपाळातल्या ठणक्याचं कारण. माप बरोबर होतं, आकार चुकला होता. कुणाचं डोकं वरून बघितलं तर संत्र्यासारखं गोल असतं, कुणाचं आंब्याच्या कोयीसारखं लांबट. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळ आणि मागची बाजू दाबली जाते, आणि कानांच्या वर मात्र पोकळी राहते. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट घातलं की उलट, कानशिलं दुखतात. केस ओले करून चापून बसवा आणि घरच्या कुणाला तरी मोबाइलवर डोक्याचा वरून फोटो काढायला सांगा. फोटो बघून घरचे हसतील, पण आकार कळतो.

दुकानात

शनिवारी संध्याकाळी बर्डीत जाऊ नका. त्या गर्दीत दुकानदार तुम्हाला पाच मिनिटंही देणार नाही. मधल्या वारी, दुकान उघडल्या उघडल्या जा.

हेल्मेट टोपीसारखं वरून थापायचं नसतं. दोन्ही पट्टे दोन हातांनी धरून बाहेर ओढा, म्हणजे तोंड जरा फाकतं. मग कपाळाकडून सुरू करून मागे सरकवा. कान दुमडले असतील तर आत बोट घालून सरळ करा. नवं हेल्मेट डोक्यात जाताना जरा झटापट झालीच पाहिजे. अलगद गेलं, तर तेच माझं पहिलं हेल्मेट.

आत गेल्यावर आधी गालांकडे लक्ष द्या. गाल वर दाबले गेले पाहिजेत, ओठ किंचित पुढे आले पाहिजेत. आरशात स्वतःचं तोंड फुगलेलं दिसेल. ते बरोबर आहे. मात्र बोलताना दातांखाली गाल येत असेल तर जास्त घट्ट झालं. त्यानंतर पट्टा लावा आणि हनुवटीकडचा भाग हाताने धरून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. डोकं स्थिर ठेवून हेल्मेट हललं की कपाळाची कातडी त्याच्यासोबत ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर ते मोठं आहे. शेवटी मान खाली घालून सोबतच्या माणसाला मागची कड धरून हेल्मेट पुढे उलटवायला सांगा. निघालं तर पडण्याच्या वेळी तेच होईल.

माझ्या वेळी दुकानातला पोरगा म्हणाला, "भाऊ, थोडं सैल घ्या ना, बरं वाटते." मी म्हटलं, "सैल तर हे आपोआपच होईल." वापरून वापरून आतली गादी दबते, गालाचे उशीसारखे तुकडे आधी दबतात. आज जे बरं वाटतं ते दिवाळीपर्यंत लोंबतं.

आणि आता सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात कामाचं: हेल्मेट घालून वीस मिनिटं तसंच बसा. मोबाइल बघा, हेल्मेट डोक्यावरच ठेवून दारापर्यंत फिरून या. दुकानदार चिडला तर दुसरं दुकान आहे. काढल्यावर कपाळ आरशात बघा. गालांवर, कपाळावर सगळीकडे सारखा लालसरपणा असेल तर चालेल, तो जातो. एकाच जागी रुपयाएवढा लाल डाग आणि तिथेच दुखत असेल, तर ते हेल्मेट तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही. "हळूहळू बसेल" असं कुणी म्हटलं तरी घेऊ नका. गालाची गादी बसते, कपाळावरचा ठणका बसत नाही.

चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट सगळं करा. हेल्मेट घातल्यावर चष्म्याच्या काड्या कानशिलाजवळच्या खाचेत सरळ गेल्या पाहिजेत. अंबाडा घालणाऱ्यांनी तो मानेवर खाली घ्यावा किंवा वेणी घालावी. मागे अंबाडा असला की हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि कड डोळ्यांवर येते.

दुपट्ट्याचं काय करायचं

नागपुरात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. चार पदरी दुपट्टा डोक्याला गुंडाळून, मागे गाठ मारून, त्यावर हेल्मेट घातलं की मापाचा सगळा हिशेबच मोडतो. कापड दबतं, सरकतं, आणि गाठ नेमकी मागच्या बाजूला टोचते. गुळगुळीत कापड असलं तर हेल्मेट फिरतंही. दुपट्टा सोडवत नसेल तर नाकातोंडावरून मानेपर्यंतच घ्या, डोक्यावर फक्त पातळ सुती टोपी. रोज तीच टोपी घालणार असाल तर हेल्मेटही तीच घालून मोजा. घाम टोपी शोषते, टोपी रोज धुता येते.

उन्हाबद्दल दोन शब्द. समोरच्या आणि मागच्या हवेच्या झडपा गाडी चालू असतानाच काम करतात, सिग्नलला उभं राहिलं की त्यांचा उपयोग शून्य. म्हणून सिग्नलला काच वर करा, गाडी निघताच खाली. पांढरं किंवा फिकट हेल्मेट काळ्यापेक्षा कमी तापतं. आतलं अस्तर निघतं का, धुता येतं का, हे घेतानाच विचारा. मे महिन्याच्या घामानंतर हा प्रश्न तुम्हाला रोज पडणार आहे. काळी काच दिवसा बरी, पण रात्री अंधाऱ्या रस्त्यावर तीच काच घातक. एकच घ्यायची तर साधी पारदर्शक घ्या.

आत काय आहे ते बघा

गादीच्या मागे बोट घातलं की थर्माकोलसारखा जाड, कडक थर लागतो. खरं काम तो करतो. वरचं कवच धक्का पसरवतं, आणि आतला थर चेपून तो जिरवतो. एकदा चेपला की परत फुलत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी निकामी समजायचं. फूटपाथवर दोन-तीनशेला मिळणाऱ्या हेल्मेटात बऱ्याचदा हा थरच नसतो, नुसता स्पंज असतो. ते हेल्मेट पोलिसासाठी घातलेलं.

मागच्या बाजूला आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा दुचाकी हेल्मेटाच्या भारतीय मानकाचा आकडा असला पाहिजे. भारतात जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट या खुणेशिवाय विकता येत नाही. खुणेसोबत परवान्याचा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव वेगळंच आलं तर स्टिकर नकली आहे. आत बनवल्याचा महिना आणि वर्षही शोधा. दुकानात तीन वर्षं पडून असलेला माल नव्या भावात कशाला घ्यायचा?

बकलचे दोन प्रकार. दातेरी पट्टी खटकन अडकवायची ती रोजच्या फिरण्याला सोयीची. दोन कड्यांमधून पट्टा ओवायचा तो दर वेळी नेमका घट्ट होतो, पण त्याची सवय लागायला आठवडा जातो. कोणताही घ्या, लावल्यावर पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं कशीबशी गेली पाहिजेत. पट्टा लटकत ठेवून फिरणं कायद्यालाही चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्याने पक्कं बांधायला सांगितलं आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १००० रुपये आहे, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. चार वर्षांवरच्या मुलांनाही तेच लागू. पोराला बाबाचं हेल्मेट आत रुमाल कोंबून घालू नका, मुलांच्या मापाची मिळतात.

घरी आणल्यावर

पहिला आठवडा जवळच्या चकरांना वापरा, म्हणजे गालाची गादी बसते. आरशावर लटकवू नका. आरशाचं टोक आतल्या थराला हळूहळू खड्डा पाडतं. टाकीवर ठेवून पेट्रोल भरू नका, आणि थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका, कवच कमजोर होतं. साबणाचं कोमट पाणी पुरतं. बाजारातून येताना त्यात संत्री भरून आणण्याचा मोहही मी सोडला आहे, आतल्या अस्तराला रसाचा वास आठवडाभर राहतो.

साधारण पाच वर्षांनी नवं घ्या. आणि जुनं टाकताना आधी कात्रीने पट्टा कापा. माझं ते पहिलं लार्ज मी तसंच कबाड्याला दिलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात तसंच हेल्मेट, तेच स्टिकर, मानेवाडा चौकात एका पोराच्या डोक्यावर लोंबताना दिसलं.