युद्धकाळातली जीप बाळगताय? मग या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू आपण जीप म्हणून ओळखतो, पण अमेरिकन लष्कराच्या दप्तरी तिची नोंद पाव टनी ट्रक अशी होती. १९४१ ते १९४५ या काळात अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या भारतात आलेल्या बऱ्याच गाड्या इथेच राहिल्या, लिलावात निघाल्या आणि मालकामागून मालक बदलत राबत राहिल्या. आज ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांचा बहुतेक पैसा रंग, हूड, सीटा आणि बाजूला लटकवायच्या कुऱ्हाड-फावड्यावर जातो. सांध्यांत ग्रीस भरायची गन मात्र कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. या गाडीला मोठा खर्च क्वचित लागतो. थोडं पण नेमाने दिलेलं लक्ष लागतं, आणि ते न मिळाल्यामुळेच ती रस्त्यात उभी राहते. खालच्या चुकांपैकी निम्म्या तरी तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात आधी चाकं

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून पहिली. लष्करी जीपला ‘कॉम्बॅट रिम’ असते, म्हणजे दोन भाग आठ नटांनी एकत्र आवळलेली डिस्क. चाक गाडीला धरणारे नट वेगळे, ते मध्यभागी आणि पाच असतात. पंक्चरवाल्याने अशी रिम बहुधा पाहिलेली नसते. टायरमध्ये हवा असताना त्याने बाहेरच्या गोलातले आठ नट सैल केले, तर रिमचे दोन भाग स्फोट झाल्यासारखे अलग होतात. आधी व्हॉल्व्हची सुई काढायची, हवा पूर्ण गेल्याची खात्री करायची आणि मगच त्या नटांना पाना लावायचा. चाक पंक्चरवाल्याकडे देऊन चहाला जाऊ नका, शेजारी उभे राहा.

दुसरी गोष्ट, मूळ जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला की नट सुटण्याऐवजी आणखी आवळला जातो, आणि शेवटी स्टड तुटतो. कधीकाळी कोणी हब बदलला असेल तर दोन्ही बाजूंना सरळ आटेही सापडतील. तुमच्या गाडीवर काय आहे ते घरीच तपासा आणि दरवाजे नसलेल्या त्या गाडीत कुठेतरी रंगाने खूण करून ठेवा.

‘बॅटरीत दम नाही’ असं म्हणून बारा व्होल्ट करणे

मूळ जीप सहा व्होल्टची. तेवढ्याच ताकदीसाठी सहा व्होल्टवर बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून वायरही तेवढी जाड लागते. बाजारात सहज मिळणारी बॅटरी केबल आधुनिक कारच्या मापाची असते. ती लावली की सेल्फ रडत रडत फिरतो, मिस्त्री बॅटरी बदलायला सांगतो, नवी बॅटरीही आठवडाभरात तसंच करते, आणि मग अख्खी गाडी बारा व्होल्टवर नेली जाते. त्यात बल्ब, कॉइल आणि मीटर जळतात. सहा व्होल्टचा सेल्फ तसाच ठेवला असेल तर तो फ्लायव्हीलच्या दातांवर इतक्या जोराने आदळतो की पुढे दात झिजून जातात.

खरा दोष बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये, म्हणजे करंटच्या परतीच्या जोडणीत असतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे करंटला परतीची वाट इंजिन आणि चासी यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीतूनच मिळते. ती पट्टी गंजली, किंवा नवा रंग देताना तिच्याखालीही रंग मारला गेला, की सेल्फ मरगळतो. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं सेल्फच्या उघड्या लोखंडाला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा जवळजवळ शून्यावरच राहायला हवा. पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी काढा, दोन्ही जागा चकचकीत घासा, वर ग्रीस लावून पुन्हा आवळा. केबल ट्रकच्या मापाची घ्या. सहा व्होल्टवर ही गाडी वाळवंटातही आणि बर्फातही चालली आहे, आपल्या हवेत ती सुरू न व्हायला कारणच नाही.

हँडल फिरवून हाताने इंजिन सुरू करायची वेळ आली तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला वेटाळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं.

घाटात बंद पडली की लगेच कार्बोरेटर खोलणे

उन्हाळ्याच्या दुपारी चढावर गाडी बंद पडते, बॉनेट वर जातं आणि पहिला हात कार्बोरेटरवर पडतो. रस्त्याच्या कडेला धुळीत कार्टरचा कार्बोरेटर उघडला की एखादी छोटी सुई किंवा गोळी हरवते, आणि जो बिघाड नव्हता तो तयार होतो.

आधी आठवा, ती बंद कशी पडली. स्विच बंद केल्यासारखी एका क्षणात गेली असेल तर दोष इग्निशनमध्ये शोधा. आचके देत, दम लागल्यासारखी मरत गेली असेल तर पेट्रोल शोधा. इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, पहिला संशयित कंडेन्सर. थंड असताना तो ठणठणीत असतो, तापला की दगा देतो, आणि अर्ध्या तासाने गाडी पुन्हा सुरू झाल्यामुळे सगळे ‘पेट्रोल गरम झालं होतं’ अशी समजूत करून घेतात. म्हणून गाडी तापलेली असतानाच स्पार्क पाहा. पिवळट, अशक्त ठिणगी दिसली तर कंडेन्सर आणि पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बदला. पॉइंटमधलं अंतर ०.०२० इंच, प्लगचं ०.०३० इंच. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात असू द्या, अंदाजाने किंवा ब्लेडच्या पात्याने मापू नका.

स्पार्क निळा, कडक असेल तर इंजिनाच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावरच्या काचेच्या वाटीकडे बघा. ती भरलेली आहे का, तळाशी पाणी किंवा लालसर गंज आहे का, हे काहीही न खोलता दिसतं. वाटी रिकामी आणि पंप हाताला चटका देणारा असेल तर पेट्रोलची वाफ अडली आहे. पंपावर ओलं फडकं ठेवून थांबायचं. पण हे वारंवार होत असेल तर पेट्रोलची नळी मूळ मार्गाने जाते का ते तपासा. मागे कोणीतरी ती एक्झॉस्टला चिकटवून वळवलेली असणं अगदी नेहमीचं आहे.

आजचं पेट्रोल आणि कालचं रबर

आता पेट्रोल पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुनी रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. गाडीतल्या पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) फुगतो, मग कडक होऊन चिरतो, आणि पेट्रोल गुपचूप खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. गाडी चालत राहते, म्हणून कोणाला कळत नाही. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि काडीला पेट्रोलचा वास आला, तर त्या क्षणी इंजिन सुरू करू नका. पातळ झालेल्या ऑइलवर चार-पाच किलोमीटर पळवलेल्या इंजिनाच्या बेअरिंगचा खर्च डायफ्रामच्या कित्येक पट असतो, आगीचा धोका वेगळाच. इथेनॉल सोसणारा डायफ्राम आणि नळ्या आधीच बसवून घ्या. हा बदल बाहेरून दिसतही नाही, त्यामुळे मूळपणाच्या नावाखाली तो टाळण्यात काही अर्थ नाही.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरूनही काही साधत नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ६.४८ ला १ इतकंच आहे. ते हलक्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच तसं ठेवलेलं होतं.

ब्रेक आधुनिक गाडीसारखे समजणे

चारही चाकांना एकच हायड्रॉलिक लाइन. एका व्हील सिलिंडरचं रबर फाटलं की चारही ब्रेक जातात, अर्धे उरत नाहीत. ब्रेकचं ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर पायाखाली, फ्लोअरच्या झाकणाखाली असतो, म्हणून त्यातलं ऑइल वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही. डॉट ३ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणात किंवा पावसाळी पट्ट्यात गाडी असेल तर दरवर्षी पावसाळा संपला की ते पूर्ण बदला.

ब्रेक आपोआप धरतात, ड्रम तापतात आणि थंड झाले की सुटतात, अशी तक्रार फार ऐकू येते. लोक ड्रम टर्निंगला देतात. त्याआधी पॅडल हाताने दाबून बघा. सुरुवातीचा सुमारे अर्धा इंच ते मोकळं हललं पाहिजे. तेवढी ढिलाई नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापलेल्या ऑइलला मागे यायला जागा मिळत नाही, आणि ब्रेक स्वतःच आवळत जातात. दांडीचा नट फिरवून पाच मिनिटांत हे काम होतं.

हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या बाजूला, शाफ्टवर आहे. तिथलं सील गळलं की तो ऑइलने माखतो आणि नुसता नावापुरता राहतो. उतारावर गाडी लावताना गिअर आणि चाकाखाली लाकडी ठोकळा, दोन्ही हवेत.

आंबेनळीसारखा घाट उतरताना वरच दुसरा गिअर टाका. या गिअरबॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर जुळवून देणारी रचना, नाही. उतारावर वेग वाढल्यावर पहिला टाकायला गेलात तर तो पडणार नाही, आणि तोवर गाडी न्यूट्रलमध्ये सुटलेली असेल.

वेग

डॅशबोर्डवरच्या पट्टीवर कमाल वेग ताशी ६५ मैल लिहिलेला आहे. तो कमाल आहे, रोजचा नाही. ताशी ६५ किलोमीटरला हे इंजिन साधारण २,४०० फेऱ्यांवर निवांत असतं. ९५ वर ते साडेतीन हजारांवर जातं, आणि क्रँकला आधार फक्त तीन मेन बेअरिंगचा. शिवाय त्या वेगाला थांबवायला ते छोटे ड्रम. एक्स्प्रेसवे सोडा, जुन्या रस्त्याने जा. काच पुढे आडवी पाडून, सकाळच्या गार हवेत भोरकडे किंवा वाईकडे साठच्या वेगाने जाण्यात जी मजा आहे ती या गाडीची खरी मजा आहे, आणि ती दुसऱ्या कुठल्याच गाडीत नाही.

गिअर ऑइल आणि ग्रीस

‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ गिअर ऑइल घालू नका. त्यातली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातात. जीएल-४, नव्वद ग्रेडचं घाला. गिअरबॉक्सची पातळी उतरली आणि खाली जमिनीवर मात्र काहीच सांडलेलं नाही, असं झालं तर ट्रान्सफर केसची पातळी पाहा. ऑइल बहुधा तिकडे सरकलेलं असतं. दोन्हीची पातळी नेहमी एकाच वेळी तपासा.

स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल, शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे या सगळ्यांना ग्रीस निपल आहेत. जुनं, काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन दाबायची. निपल बंद पडलं असेल तर पुसून पुढे जाऊ नका, बदला. स्टिअरिंग डगमगतं म्हणून स्टिअरिंग बॉक्स आवळणारे बरेच जण भेटतात, पण झीज असते किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या, बेअरिंगमध्ये. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, लगेच कळेल.

डांबरी रस्त्यावर पुढचा एक्सल जोडू नका. पुढची आणि मागची चाकं वळणावर सारखं अंतर कापत नाहीत, त्याचा पीळ गिअरमध्ये साठतो आणि मग लिव्हर निघत नाही. अडकलाच तर लिव्हरवर हातोडी नको, गाडी थोडी मागे घ्या, सुटतो.

हिरवा रंग, डिझेल इंजिन आणि कागदपत्रं

मालकांना सगळ्यात कडू लागणारी गोष्ट अशी की, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याखेरीज कोणालाही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. गाडी खरोखर युद्धातली असली तरी नाही. अमेरिकन नौदलाच्या जीप करड्या रंगाच्या असत. तो रंग इतिहासाला धरून आहे आणि दिसतोही देखणा. वर बाण असलेली नंबरप्लेट तर मुळीच लावू नका, ती लष्कराची आहे. डावं स्टिअरिंग असेल तर चालू इंडिकेटर हवेतच.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. ज्यांनी मायलेजसाठी डिझेल इंजिन बसवलं, त्यांची गाडी इथे अडते. मूळ इंजिन काढलेलं असेल तर ते भंगारात देऊ नका. महिंद्रने पुढे बनवलेल्या सीजे-३बी जीपचं खालचं ब्लॉक, ट्रान्सफर केस आणि पुढचा एक्सल याच घराण्यातला असल्यामुळे आपल्याकडे सुटे भाग अजून मिळतात, इंजिन बांधणं अशक्य नाही.

विकत घेताना बंपरच्या मागे, रेडिएटरखालचा आडवा बार बघा. गोल नळी असेल तर चासी विलिसची, चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्डची. कागदावर एक आणि चासीवर दुसरं असेल तर तिथेच थांबा.

पावसाळ्याआधी

चार महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी पूर्ण रिकामी करा, कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि ते तळाशी बसून पत्रा खातं. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, खोलगट जागेत बसते, तिथल्या पाणी निघायच्या भोकातला चिखल काढा. बॅटरी काढून घरात ठेवा. टायरवर भार राहू नये म्हणून चारही बाजूंना स्टँड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापड आणि वर छप्पर असलं की पुरतं.