बीम सेंटरचे दोन आकडे आणि माझे चार दिवस

सांगलीला आले की भौतिकशास्त्र शिकणारी दोन-तीन मुलं हमखास भेटायला येतात. क्ष-किरण स्फटिकशास्त्रात यायचं तर गणित किती लागतं, हा त्यांचा पहिला प्रश्न. गणित लागतंच. पण मी त्यांना आधी डिटेक्टरच्या, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांचे ठिपके टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फाइलचं हेडर वाचायला बसवते.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्यात हळद कितीही पिवळीधमक असो, माल कुणाचा आणि पोती किती हे चिठ्ठीवर नसेल तर पुढचं सगळं अडायचं. हेडर म्हणजे डिटेक्टरने काढलेल्या फोटोची चिठ्ठी. तरंगलांबी किती, स्फटिकापासून डिटेक्टर किती अंतरावर, एका फोटोत स्फटिक किती अंश फिरला आणि किरणाची सरळ रेषा डिटेक्टरला कुठे भेटते, म्हणजे बीम सेंटर, हे सगळं त्यात असतं.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्या हातात आलेल्या डेटात ठिपके अतिशय रेखीव होते, तरी इंडेक्सिंग, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला त्याचा क्रमांक लावणं, होईना. चार दिवस मी स्फटिकातच खोट शोधत राहिले. हेडरमध्ये बीम सेंटरचे दोन आकडे होते, मिलिमीटरमध्ये. पण शून्य कुठल्या कोपऱ्यात धरलाय, पहिला आकडा आडवा की उभा, याचा पत्ता नव्हता. शेवटी बर्फाच्या कड्यांनी सोडवलं. गोठवलेल्या नमुन्यावर बर्फ धरला की ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँग्स्ट्रॉमला कडी दिसतात. मी तिथे वर्तुळं काढली, तर ती कड्यांपासून सरळ सरळ सरकलेली. दोन आकड्यांची अदलाबदल केली आणि इंडेक्सिंग लगेच झालं.

निदान मला चूक दिसली तरी. न दिसणारी चूक जास्त घातक. समजा एकक पेशीची, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान तुकड्याची, बाजू १०० अँग्स्ट्रॉम, तरंगलांबी १ अँग्स्ट्रॉम आणि डिटेक्टर २०० मिलिमीटरवर आहे. मग शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण २ मिलिमीटर अंतर पडतं. पिलाटस डिटेक्टरचा पिक्सेल १७२ मायक्रॉनचा, म्हणजे हे जेमतेम १२ पिक्सेल. केंद्र तेवढंच चुकलं तर इंडेक्सिंग होतं, पण प्रत्येक ठिपक्याचा क्रमांक एकाने सरकलेला असतो, आणि पुढे अणूंची रचना का सुटत नाही ते कळत नाही.

प्रत्येक कंपनीच्या हेडरची तऱ्हा वेगळी. एसएमव्ही या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये महिरपी कंसात साधा मजकूर, बहुधा ५१२ बाइटचा. मार सीसीडी या डिटेक्टरच्या फाइलचं हेडर ४०९६ बाइटचं. हा गोंधळ आवरायला स्फटिकशास्त्रज्ञांनी सीआयएफ या आपल्या माहिती लिहायच्या पद्धतीच्या घरातच फोटोंसाठी सीबीएफ आणि इमेजसीआयएफ तयार केलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक अक्ष सदिश म्हणून लिहायचा आणि तो कुठल्या अक्षावर बसलाय तेही सांगायचं. पुढे आयगर डिटेक्टर एचडीएफ५ या वेगळ्या प्रकारची फाइल देऊ लागले आणि त्यात माहिती कशी लिहायची यासाठी नेक्सस या मानकाची एनएक्सएमएक्स ही मांडणी आली. २०२० साली कुठली माहिती असायलाच हवी याचा 'गोल्ड स्टँडर्ड' छापून आला. तो जरूर वाचा.

सुरुवातीला साधा लिनक्स लॅपटॉप पुरतो. झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर लोकांनी मूळ फोटो मोकळे ठेवलेत, तिथून एखादा संच उतरवा. पिलाटसची सीबीएफ फाइल असेल तर head या आज्ञेशिवाय वेगळं काही नको: टर्मिनलवर पहिल्या काही ओळी छापा, हेडर सरळ वाचता येतं. मग पायथनमध्ये फॅबिओ या लायब्ररीने तीच फाइल उघडा आणि स्वतः ताडून बघा. इंडेक्सिंग वगैरे करणारा डायल्स हा प्रोग्रॅम फुकट आहे, पण तो त्यानंतर. प्रोग्रॅमने आपणहून काय गृहीत धरलं हे ओळखायची सवय आधी लागायला हवी.

अक्षांच्या बाबतीत मात्र घाई करू नका. इमेजसीआयएफमध्ये झेड अक्ष नमुन्याकडून किरणाच्या उगमाकडे जातो, नेक्ससमध्ये उगमाकडून नमुन्याकडे. एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना माझी चिन्हं दोनदा चुकली. तेव्हा वहीच्या एका पानावर दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी काढली. ते पान अजून माझ्या टेबलासमोर चिकटवलेलं आहे, आणि नवा डेटा आला की मी आधी त्याच्याकडे बघते.