वाळूतला दुसरा सीझन: अमिरातीत नव्याने आलेल्यांसाठी

दुबई, शारजा, अबुधाबीत नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी लायसन्स, मग सेकंडहँड फोर बाय फोर, आणि ऑक्टोबरात हवा जरा उतरली की कुणीतरी ग्रुपवर टाकतं, "वाळूत जायचं का?" जरूर जा. पहिल्या सीझनमध्ये सहसा फार काही बिघडत नाही, कारण माणूस धास्तावलेला असतो. पुढच्या गाडीच्या चाकोरीतून जातो, रेडिओवर मार्शल, म्हणजे ग्रुपला वाट दाखवणारा, सांगेल ते निमूटपणे करतो. काळजी करायची ती दुसऱ्या सीझनची. तोवर गाडी रुतली तर काढता येते, टेकडी चढता येते, आणि हळूहळू एकेक काळजी "आज चालेल" म्हणत गळायला लागते.

हवेचंच घ्या. रस्त्यावर टायरमध्ये हवेचा दाब 33 ते 35 पीएसआय असतो, वाळूत तो साधारण 12 ते 15 वर आणावा लागतो. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूत खोल न जाता वरून चालते. नवखा माणूस प्रत्येक चाकाला गेज लावून बघतो. सरावलेला 20 वर थांबतो, "आपली गाडी दमदार आहे" म्हणतो, आणि टायरने जे व्हायला हवं ते अ‍ॅक्सिलरेटरने करायला जातो. मग टेकडीवर जास्त वेगाने जावं लागतं आणि माथ्यावर तो वेग आवरत नाही. उलटं टोकही वाईटच. 10 च्या खाली नेऊन जोरात वळलात तर टायर रिमवरून सुटतो, आणि तो उतारावर सुटला तर गाडी कलंडू शकते.

माथ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मोठे अपघात तिथेच होतात. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा चढ लांब, मंद आणि घट्ट असतो. माथ्यापलीकडची बाजू मात्र सैल वाळूची, 30 अंशांहून जास्त उताराची. अलीकडून ती दिसत नाही. पलीकडे उतार आहे की खड्डा, की दुसऱ्या कुणाची रुतलेली गाडी, हे वर पोचल्यावरच कळतं. म्हणून माथा येण्याआधी वेग सोडायचा आणि गाडी जवळजवळ थांबवून पलीकडे डोकवायचं. पुढच्या गाडीने रेडिओवर "मोकळं आहे" म्हणेपर्यंत मागच्याने चढ सुरूच करायचा नाही. गाडीवर उंच काठीला झेंडा बांधतात तोही याचसाठी, समोरून येणाऱ्याला गाडीआधी झेंडा दिसावा म्हणून. दुबई-हत्ता रस्त्यावरच्या बिग रेडसारख्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी बग्गी आणि क्वाड बाइक चारी बाजूंनी येत असतात. तिथे झेंड्याशिवाय फिरणं मला तरी वेडेपणा वाटतो.

भर दुपारी आणखी एक फसगत होते. सूर्य डोक्यावर आला की सावल्या जातात आणि सगळी वाळू एकसारखी सपाट दिसते. धार कुठे संपते ते कळत नाही. सकाळी वाळू दवाने थोडी घट्ट असते, सावल्याही असतात. तेव्हा सहज जमलेली टेकडी दुपारी त्याच आत्मविश्वासाने चढायला जाऊ नका. जीपीएसमध्ये साठवलेल्या जुन्या ट्रॅकचंही तसंच. रेघ स्क्रीनवर तशीच राहते, पण शमाल, म्हणजे वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याने टेकडीची धार सरकलेली असते. "हा रस्ता मला पाठ आहे" हे वाक्य वाळूत कुणी म्हटलं की मी त्याच्या मागे जरा जास्तच अंतर ठेवतो.

चढ अर्ध्यात अडला तर वळायचं नाही. ज्या रेषेत चढलात त्याच रेषेत सरळ मागे या. आडव्या उतारावर गाडी घसरायला लागली तर स्टीअरिंग उताराच्या दिशेने वळवा आणि हलकासा पिकअप द्या. मन वरच्या बाजूला वळवायला सांगतं, आणि गाडी उलटते ती तिथेच. उतरताना सरळ, लो गिअरमध्ये, जोरात ब्रेक न मारता.

रुतलेली गाडी काढणं हा सगळ्यांच्या आवडीचा कार्यक्रम असतो, त्यामुळे सर्वांत जास्त निष्काळजीपणाही तिथेच होतो. मागच्या टो-बॉलला दोर अडकवू नका. ट्रेलर ओढण्यासाठी बसवलेला तो गोळा झटक्याच्या ओढीसाठी नसतो. तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो आणि माणसाचा जीव घेतो. चासीला बसवलेल्या रिकव्हरी हुकलाच दोर लावा, आणि दोर ताणला जाताना बघ्यांना त्याच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभं करा. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्याला सर्वांत आधी. खरं तर निम्म्या वेळा दोराची गरजच नसते. चाकांपुढची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा, हळूच मागे घ्या.

एकट्या गाडीने जाऊ नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तो नियम मोडण्याचं कारणही बहुतेक घरी एकच असतं: आईबाबा व्हिजिटवर आलेत, त्यांना वाळवंट दाखवायचंय, आणि ग्रुप त्या आठवड्यात जात नाहीये. "रस्त्याच्या अगदी कडेलाच तर जातोय." मागच्या सीटवर सत्तरीची माणसं, बेल्ट न लावलेली, मांडीवर पाण्याची बाटली. गाडी माथ्यावरून नुसती आपटली तरी मणक्याला इजा होते, त्यासाठी ती उलटायला लागत नाही. त्यांना सफारी कंपनीच्या गाडीतूनही फार उड्या मारायला लावू नका. चालकाला आधीच सांगा, तो हळू नेतो. आणि त्या चालकाचं बघून शिकू नका. त्याच्या गाडीत रोल केज, म्हणजे उलटली तरी टप चेपू न देणारा लोखंडी सांगाडा, असतो आणि तो त्याच टेकड्यांवर रोज असतो.

अबुधाबी अमिरातीच्या दक्षिणेचं लिवा हे वेगळंच प्रकरण आहे. तिथून रुब अल खाली सुरू होतं, महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं वाळवंट, आणि तल मुरीब ही टेकडीच सुमारे 300 मीटर उंच आहे. शहराजवळच्या वाळूत वर्षभर फिरलात म्हणून तिथे स्वतःच्या जिवावर जाऊ नका. मोबाइलची रेंज जाते, टेकड्यांच्या मधल्या सपाट जागांत सबखा असते. वरून कडक दिसणारी मिठाची खपली, खाली चिखल. तिथे आधीच्या चाकांच्या खुणा सोडून जायचं नाही. काही झालं तर गाडी सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. रेंज मिळाली तर 999 ला फोन करून अक्षांश-रेखांश सांगा. पाणी माणशी किमान पाच लिटर, परतीचं धरून नव्हे, अडकण्याचं धरून. सॅटेलाइट फोन घेतलात तर उत्तम, फक्त सुट्टीत भारतात जाताना तो बॅगेत राहू देऊ नका. परवानगीशिवाय तिकडे नेणं बेकायदा आहे.

पावसात वाळूऐवजी डोंगराकडे, वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात, जाण्याची टूम निघते. डोक्यावर आभाळ निळं असलं तरी लोंढा वरच्या डोंगरातून येतो. वाहत्या वादीत गाडी घातली तर 2,000 दिरहम दंड, लायसन्सवर 23 ब्लॅक पॉइंट आणि 60 दिवस गाडी जप्त.

भाड्याची गाडी वाळूत नेऊ नका, करारात बहुधा मनाई असते. स्वतःच्या गाडीच्या विम्यात ऑफ-रोड धरलंय का, ते पॉलिसी उघडून वाचा. एजंट तोंडी "हो" म्हणाला, हे पुरेसं नाही.

परतताना डांबराला लागलात की तिथेच कॉम्प्रेसर काढून हवा भरा. "पंप पुढे वीस किलोमीटरवर आहे" म्हणून 15 पीएसआयवर हायवेला जाणारे दर शनिवारी दिसतात. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो. सगळ्या गाड्यांची हवा भरून होईपर्यंत ग्रुपमधल्या कुणीही पुढे निघू नये.