कॅमेरा छातीवर बांधायचाय? आधी सायकलवर बसा

मागच्या वर्षी जूनमध्ये पाऊस नुकता कुठे लागला होता, तेव्हा मी आणि माझा चौदा वर्षांचा भाचा लोणावळ्याहून राजमाचीला सायकलने गेलो. तुंगार्लीच्या पुढे डांबर संपलं की कच्ची गाडीवाट सुरू होते. लोणावळ्यापासून धरलं तर राजमाची किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत साधारण 15-16 किलोमीटर. मुरूम, सुटे दगड, मध्येच उघडा कातळ आणि पावसाळ्यात आडवे येणारे ओढे. घराजवळच्या टेकडीपलीकडची त्याची ही पहिलीच वाट. एका ओढ्यात तो माझ्या पुढे होता. पाणी पेडलपर्यंत, खाली गुळगुळीत गोटे, आणि पठ्ठ्याने पाय न टेकता सायकल पलीकडे काढली. छोटा ॲक्शन कॅमेरा माझ्या छातीवर पट्ट्याने बांधलेला, चालू होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

घरी येऊन फाइल उघडली. स्क्रीनभर स्टेमचे, म्हणजे हँडलबार धरणाऱ्या भागाचे, चार बोल्ट, ब्रेकची केबल, पुढचा टायर आणि त्याच्या नक्षीत अडकलेला लाल चिखल. वरच्या कडेला बोटभर हिरवा पट्टा. पाण्याचा आवाज येतो, मग पलीकडच्या काठावरून त्याचा आवाज येतो, "मामा, बघितलंस का? पाय नाही टेकवला!" आणि समोर दिसतायत ते चार बोल्ट. ताईला दाखवायला जवळजवळ तीन तासांचं फुटेज होतं आणि त्यात तिचा मुलगा कुठेच नव्हता.

चूक एवढीच होती की कॅमेऱ्याचा कोन मी गाडीजवळ ताठ उभं राहून लावला होता. ताठ उभं असताना फोनमधल्या प्रिव्ह्यूमध्ये क्षितिज अगदी मधोमध दिसत होतं. सायकलवर बसलो, उताराला पुढे वाकलो, छाती खाली झुकली आणि छातीबरोबर कॅमेराही जमिनीकडे बघायला लागला. तो दिवसभर जमिनीकडेच बघत राहिला.

म्हणून बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे करा. कोन सायकलवर बसून लावा. खरं तर बसूनही नाही, उतारावर आपण जसे असतो तसं होऊन. कुणाला तरी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरायला सांगा, कुणी नसेल तर भिंतीचा किंवा झाडाचा आधार घ्या. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, बूड सीटवरून उचललेलं, कोपर बाहेर, छाती खाली, नजर पुढे पाच-सहा मीटरवर. आता प्रिव्ह्यू बघा. तुमचे हात आणि हँडलबार फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात हवेत आणि वाट मधोमध. पहिल्यांदा लावाल तेव्हा कॅमेरा फारच वर बघतोय असं वाटेल. सरळ उभे राहिलात तर त्यात आभाळ आणि झाडांचे शेंडे दिसतील. दिसू देत. उभं राहून शूट करायचं नाहीये.

आता जागा. असे कॅमेरे बनवणाऱ्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा 2004 साली आला तो फिल्मचा होता आणि मनगटाला बांधायचा होता, सर्फिंगसाठी. सायकलवाल्याला मनगटाचा काही उपयोग नाही, पण तेव्हापासून नियम तोच आहे. अंगाच्या किंवा सायकलच्या ज्या भागावर कॅमेरा बसवाल, त्या भागाची हालचाल फुटेजमध्ये येणार. जागा निवडताना आधी हे डोक्यात ठेवा.

साधं हेल्मेट असेल तर आपल्याकडच्या वाटांना माझ्या मते छातीच सगळ्यात चांगली. कॅमेरा खाली असतो, त्यामुळे दगड मोठे दिसतात, उतार उतारासारखा वाटतो आणि वेग जाणवतो. हात दिसतात, हँडलबार दगडावर कसा उडतो ते दिसतं. धड हे शरीराचं सगळ्यात शांत अंग, हातापायांनी गिळलेले धक्के तिथपर्यंत कमीच पोचतात. पण पट्टा घट्ट हवा. जोरात श्वास घेता येईल इतकाच सैल, त्याहून जास्त नाही. पाण्याची बॅग पाठीवर असेल तर आधी कॅमेऱ्याचा पट्टा आणि त्यावरून बॅग, उलटं केलंत तर बॅगेचे बंद पट्ट्याला ओढत राहतात आणि कोन बदलतो. कॅमेरा पट्ट्यावर उलटा लावा, म्हणजे तो वर वळायला जागा मिळते. सुलटा लावला की बऱ्याच पट्ट्यांवर तो हवा तेवढा वर वळतच नाही. आणि उलटा लावलात तर सेटिंगमध्ये जाऊन ओरिएंटेशन आडवं लॉक करून टाका. ऑटोवर ठेवलंत आणि रेकॉर्डिंग सुरू करताना तुम्ही वाकडे झालेले असलात, तर अख्खी क्लिप उभी रेकॉर्ड होऊ शकते.

हनुवटीही झाकणारं फुल-फेस हेल्मेट असेल तर हनुवटी. ही जागा छातीपेक्षाही चांगली, कारण कॅमेरा जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतो आणि नजर वळेल तिकडे वळतो. वळणावर आपण पुढचं बघतो तसा तोही बघतो. हेल्मेटच्या गोलाईला बसेल असाच माउंट घ्या, सपाट माउंट वक्र पृष्ठभागावर कडेने सुटतो. साध्या अर्ध्या हेल्मेटवर हा प्रश्नच येत नाही.

हेल्मेटच्या डोक्यावर मी आता लावत नाही. उंचावरून सगळं सपाट दिसतं. ज्या उतारावर पोटात गोळा आला तो व्हिडिओत मैदानासारखा वाटतो. शिवाय करवंदाच्या जाळ्या आणि खाली आलेल्या फांद्या असलेल्या वाटेवर डोक्यावर पाच-सात सेंटीमीटरचा खुंटा घेऊन जायचं, तो अडकला की मान मागे ओढली जाते. तरीही लावायचाच असेल तर चिकटवलेला लावा, जोरात अडकला तर सुटून यायला हवा. आणि हेल्मेट पुसताना थिनर, पेट्रोल असलं काही वापरू नका, कवच आणि आतला फोम दोन्ही खराब होतात. ओलं फडकं आणि जरासा साबण पुरे.

हँडलबारवर कॅमेरा थेट सायकलला जोडलेला, मध्ये गिळायला शरीर नाही. राजमाचीच्या दगडांवर ते फुटेज जेलीसारखं थरथरतं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र स्थिर करणारी सोय, मोठ्या हालचाली पचवतं, ही बारीक थरथर नाही. कार्बनचा बार असेल तर क्लॅम्पखाली रबर घाला आणि स्क्रू पिळत बसू नका. एखादा शॉट मागे तोंड करून स्वतःच्या चेहऱ्याचा घ्या, तेवढ्यापुरता बार ठीक.

सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, मागे बघणारा कॅमेरा मला फार आवडतो. मागून येणारा सोबती पूर्ण दिसतो, चेहऱ्यासकट. भाचा मागे असता आणि तिथे कॅमेरा असता तर एवढं झालंच नसतं. पण पावसाळ्यात मागचं चाक दोन मिनिटांत लेन्सवर चिखल मारतं, म्हणून ही जागा ऑक्टोबरनंतरची. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवताना वर-खाली होणारा सीटपोस्ट, असेल तर जो चकचकीत भाग आतबाहेर होतो त्यावर क्लॅम्प अजिबात लावू नका, एक ओरखडा पडला की सील गेलं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचंही तेच. चकचकीत नळीवर नाही, खालच्या जाड पायावर लावा, आणि लावल्यावर फोर्क पूर्ण दाबून बघा की कॅमेरा टायरला किंवा फ्रेमला लागत नाही ना. हे घरी बघा. वाटेवर कळलं तर कॅमेरा गेलेला असतो.

जागा कुठलीही घ्या, कोन मात्र सायकलवर, वाकून. सीटपोस्टवर तेवढं काही बिघडत नाही, पण छाती आणि हनुवटी ही अंगावरची ठिकाणं आहेत आणि अंग वाकणार आहे.

चिकटवायचा माउंट निघण्याच्या पूर्ण एक दिवस आधी लावा, सकाळी निघताना नाही. त्या टेपला पूर्ण पकड धरायला 24 तास लागतात. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा पृष्ठभाग कोरडा करून, घरात, पंख्याखाली. अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग हात लावू नका.

माउंटचा प्लॅस्टिक मुंडीचा स्क्रू हाताने घट्ट वाटतो तेवढा नसतो. छोटा पाना मिळतो तो खिशात ठेवा. आणि एक दोरी. मासेमारीची जाड नायलॉन दोरी चालते, एक टोक कॅमेऱ्याच्या फ्रेमला, दुसरं पट्ट्याला. उल्हास खोऱ्याच्या कडेला कॅमेरा सुटला तर तो शोधायला कोणी उतरणार नाहीये, आणि उतरूही नये.

मेमरी कार्ड व्ही30 (हा लिहिण्याच्या वेगाचा दर्जा, कार्डावर छापलेला असतो) किंवा वरचं. सेकंदाला 100 मेगाबिटने रेकॉर्ड होत असेल तर तासाला 45 जीबी जातात, म्हणजे 128 जीबीचं कार्ड तीन तासही पुरत नाही. आधीचं रिकामं करा. बॅटरी एक पुरणार नाही, तीन घ्या.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 60 ठेवा. पावसाळ्यात ढग आणि वर झाडांचं छप्पर, उजेड कमी, त्यात 30 ला प्रत्येक फ्रेम पुसट होते आणि स्टॅबिलायझेशन त्या पुसटपणालाच धरून हलवतं. पाहताना डोळ्यांना त्रास होतो. दृश्य रुंद ठेवा. लिनिअर नावाच्या सेटिंगमध्ये कडा सरळ होतात पण वेग मरतो. बाकी सेटिंगना हात लावू नका, वाटेवर तर नाहीच.

आता परत सांगतो, कारण मी स्वतः सगळं एवढं नीट केलं होतं. कार्ड होतं, तीन बॅटऱ्या होत्या, दोरी बांधली होती, स्क्रू पिळला होता. कोन उभं राहून लावला आणि सगळं वाया गेलं. प्रिव्ह्यू बघणंही पुरेसं नाही. दहा सेकंदांची क्लिप घ्या. खरोखर चालवत, गाडीतळाच्या कडेला एखादा लहानसा उतार असतोच, तिथे. उतरा, थांबा, फोनवर ती क्लिप उघडून बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर नाही, फोनवर. हात दिसतायत का, वाट दिसतेय का, पुढे जाणारा माणूस डोक्यापासून चाकापर्यंत फ्रेममध्ये मावतोय का. मावत नसेल तर कोन आणखी एक दाता वर, आणि पुन्हा दहा सेकंद. बरोबरचे लोक कंटाळतील, "चल ना आता" म्हणतील. म्हणू द्या. मला त्या दिवशी भाच्याचीच घाई होती आणि मी त्याचं ऐकलं.

पावसाची तयारी वेगळी. लेन्सवर वाफ धरते ती आतल्या ओलीमुळे. बॅटरीचं झाकण पावसात उघडलंत की ती दमट हवा आत बंद होते आणि कॅमेरा तापला की आतून धुकं. बॅटरी बदलायची तर आडोशाला, हात पुसून, पटकन. बाहेरून हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पेटी, वापरत असाल तर आत वाफ शोषणाऱ्या पट्ट्या ठेवा. लेन्स पुसायला मऊ सुती कापड झिपच्या पिशवीत, जर्सीच्या मागच्या खिशात, जिथे थांबल्यावर हात लगेच जाईल. चिखल लागलेल्या कपड्याने पुसलीत तर तो मुरूमच लेन्सवर घासताय. आधी पाणी ओता, मग पुसा.

उन्हाळ्यात उलटं. थांबलेलं असताना रेकॉर्डिंग चालू ठेवू नका. वारा नाही की कॅमेरा तापतो आणि स्वतः बंद होतो. उधेवाडीत चहाला बसलात की बंद करायचा. तसंही गावात छातीवर चालू कॅमेरा घेऊन फिरणं बरं नाही. ओढ्यावर बायका कपडे धूत असतात, अंगणात माणसं बसलेली असतात. विचारलंत तर बहुतेक जण हो म्हणतात. न विचारता कुणाला घेऊ नका.

वाटेवर फार काही नाही. लहान क्लिप घ्या, तीन तास सलग नको, घरी कोणी बघत नाही. लेन्स प्रत्येक थांब्याला पुसा. ओढा ओलांडल्यावर पट्टा भिजून सैल पडतो, म्हणजे तो पुन्हा आवळा, पुन्हा सायकलवर वाका, पुन्हा कोन बघा. पडलात तर आधी स्वतःला बघा, मग सायकल, मग कोन. चढ लागला आणि छातीवरचा कॅमेरा गुडघ्याला लागायला लागला तर बंद करा, पण हाताने खाली ढकलू नका, उताराला तो खालीच राहील.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, झाकणं उघडून सावलीत वाळवा, कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा आणि बॅटऱ्या चार्जला लावा. कॉपी नीट उघडते का ते बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका.

येत्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा त्याच वाटेला चाललोय. पट्टा बॅगेत आहे, दोरी बांधलीय. भाच्याला सांगून ठेवलंय की तुंगार्लीला पोचलो की पंधरा मिनिटं कुठे जायचं नाही, माझं पुढचं चाक धरायचं.